मक्याच्या धाटांचा हिशेब



छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात शेतमालाच्या भावासाठी आंदोलने होतात. तेथे मागणी असते ती दाण्याच्या भावाची, आणि ती रास्तच आहे. २०२५-२६ साठी मक्याचा हमीभाव क्विंटलला २,४०० रुपये ठरला, हे आपल्याकडे पोराटोरांनाही पाठ आहे. पण एकरी धाट किती निघाले असे विचारले, तर "असेल की दोन-तीन ट्रॉल्या" यापलीकडे उत्तर मिळत नाही. ऊस विकास विभागाला मक्याच्या धाटांशी काय कर्तव्य, असे काही सभासद म्हणतील. ज्या रानातून दसरा-दिवाळीला मका निघतो, त्याच रानात पुढे सुरू उसाची लागण होते, म्हणून हा विषय घेतला.

कन्नड, सिल्लोड, फुलंब्री, वैजापूर हा भाग पूर्वी ज्वारी-बाजरीचा. ज्वारी पेरायची ती खाण्यासाठी तशी कडब्यासाठीही. १९६४ साली सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली. दाणा भरपूर, पण ताट ठेंगणे. शेतकऱ्याने ती खरिपात घेतली, रब्बीत मात्र मालदांडी सोडली नाही, कारण गोठा मालदांडीच्या कडब्यावर चाले. पुढे कापूस आणि मका वाढत गेला तशा गावोगावच्या कडब्याच्या गंजी रोडावल्या. आज त्या जागी मक्याची कुट्टी आहे, आणि अलीकडे मुरघास. मुरघासाला तर कणसासकट हिरवे पीकच कापून नेतात. रानात राहतात ती नुसती बुडखे.

आता मोजणीचे बघू. धाटे काट्यावर कोणी घालत नाही. जगभर दाण्याच्या उत्पन्नावरूनच धाटांचा अंदाज बांधतात. मक्याच्या एका प्रचलित सूत्राप्रमाणे हेक्टरी १ टन दाणा आला तर कोरडे अवशेष सुमारे १.६ टन धरतात, म्हणजे दीडपटीहून जास्त. दाणा ५ टन झाला तर अवशेष पावणेसहा टन, म्हणजे सव्वापटीच्याही आत. दाणा पाचपट झाला म्हणून धाट पाचपट होत नाही. सुधारित वाण दाण्याकडे जास्त जोर लावतो. आपल्याकडे एकरी २५ क्विंटल मका झाला तर कोरडे अवशेष साधारण २८ क्विंटल धरावेत.

दुष्काळात हे गणित आणखी फसते. फुलोऱ्यात पाण्याचा ताण पडला की कणीस भरत नाही, पण ताट उभे असते. कागदावर दाणा गेला म्हणून वैरणही गेली असे दिसते. रानात मात्र ती थोडीफार असतेच. वर्षानुवर्षांच्या आकड्यांवरून वैरणीचा कल काढताना ही खोट लक्षात ठेवावी लागते.

आफ्रिकेतील झिंबाब्वेचे उदाहरण बोलके आहे. तेथे मका हेच मुख्य अन्न. त्या देशाचे नाव दक्षिण ऱ्होडेशिया होते तेव्हा, १९६० साली, एसआर-५२ हे प्रसिद्ध संकरित वाण तेथे निघाले. १९८० च्या स्वातंत्र्यानंतर लहान शेतकऱ्यांतही संकरित मका पसरला. धाटे वाढली, पण जमिनीला किती मिळाली? पीक निघाले की सामाईक चराईत गावाची गुरे रानात शिरतात. धाटे रानातच पसरून ठेवा, ओल टिकेल, असा सल्ला देणारे देतात. पण शेजाऱ्याचा बैल सल्ला ऐकत नाही. १९९१-९२ च्या मोठ्या दुष्काळात गुरे जगवायची की जमीन, हा प्रश्न तेथे उरलाच नाही. बांधाला कुंपण नसलेल्या आपल्या सभासदाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

२८ क्विंटल धाटांत अंदाजे १५ ते २० किलो नत्र आणि ३० किलोच्या आसपास पालाश असते. पालाशचा हिशेब म्युरेट ऑफ पोटॅशच्या ५० किलोच्या एका पोत्याएवढा भरतो. धाटे विकली तर हे पोते ट्रॉलीत बसून दुसऱ्याच्या गावी जाते. जाळली तर पालाश बराचसा राखेत राहतो, पण नत्र आणि सेंद्रिय कर्ब धुरात जातो. आपल्याच गुरांना घातली तर पुष्कळसे परत मिळते, मात्र एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही: जनावर पालाश मुख्यतः मूत्रावाटे टाकते. नुसते शेण उकिरड्यावर नेले आणि मूत्र गटारात सोडले तर अर्धे काम वाया गेले. गोठ्यात माती किंवा पाचट अंथरून मूत्रमाती रानात न्यावी.

वैरण राखण्यात कारखान्याचाही स्वार्थ आहे, तो लपवीत नाही. २०१२-१३, २०१५-१६ आणि २०१८-१९ या टंचाईच्या वर्षांत मराठवाड्यात चारा छावण्या उघडाव्या लागल्या आणि गाळपाचा ऊस वैरणीसाठी तुटला. सभासदाला त्यात दोष देता येत नाही. दावणीची जनावरे हंबरत असताना गळिताची वाट कोण बघेल? पण घरी मक्याच्या कुट्टीचा साठा असता तर काही बेणे आणि खोडवे तरी वाचले असते. कुट्टी कोरडी करूनच साठवावी. बुरशी धरलेली जनावरांपुढे टाकू नये. लष्करी अळी २०१६ मध्ये आफ्रिकेत आणि २०१८ मध्ये भारतात आढळली, तेव्हापासून मक्यावर फवारण्या वाढल्या आहेत. औषधाच्या डब्यावर लिहिलेले दिवस भरल्याशिवाय धाटे गोठ्यात नेऊ नयेत.

ज्यांच्याकडे जनावरे थोडी आहेत त्यांनी उरलेली धाटे रोटाव्हेटरने बारीक करून ओल असतानाच मातीआड करावीत. मक्याच्या धाटांत कर्ब फार आणि नत्र कमी, त्यामुळे ती कुजताना जमिनीतले नत्र ओढून घेतात. लगेच लागण केली तर कोवळा ऊस पिवळा पडतो आणि मग सभासद म्हणतो, कारखान्याचं बेणंच खराब. पाचटासाठी टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजविणारे जिवाणू असे प्रमाण आहे. मक्यालाही आम्ही तेच धरतो. एकरी २८ क्विंटलला युरिया साधारण २२ किलो होतो. नंतर एक हलके पाणी द्यावे आणि लागणीपूर्वी पाच-सहा आठवडे जाऊ द्यावेत.

सुरू उसाची नोंद देताना अगोदरचे पीक कोणते होते, त्याची धाटे विकली, चारली, जाळली की गाडली, हे गटाच्या शेतकी कर्मचाऱ्यास सांगावे. मातीचा नमुना त्याच वेळी दिल्यास नत्राची मात्रा त्याप्रमाणे ठरवून देता येईल.