जगात साखर महाग, मग आपल्याला भाव का नाही ?



नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात कच्ची साखर पौंडाला २८ सेंटपर्यंत चढली. रुपयांत मांडले तर किलोला सुमारे ५१ रुपये. त्याच वेळी आपल्या राज्यात कारखान्याच्या दारात पांढरी साखर चाळीसच्या आत विकली जात होती. आम्ही शिवारात गेलो की बांधावर एकच प्रश्न : "साहेब, व्यापार जगभर चालतो म्हणता, मग भाव एक का होत नाही ?"

प्रश्न विचारणाऱ्या एका सभासदाचा मुलगा मालाडला असतो. तिथल्या वाण्याकडची साखर आणि आपल्या गोदामातली साखर यांच्या भावात फरक असतो तो ट्रकभाडे, हमाली, कर आणि दुकानदाराचा नफा एवढाच. मालाडला भाव फारच चढला तर चार ट्रक जादा जातील नि तो खाली येईल. वाट मोकळी असली की भाव पाण्यासारखा पातळी धरतो.

मालाड आणि ब्राझीलचे सांतोस बंदर यांच्यामध्ये मात्र दार आहे, नि त्याची कडी सरकारच्या हाती. २०१८ साली बाहेरच्या साखरेवरचा आयातकर १०० टक्के झाला. जून २०२२ पासून निर्यातीवर बंधने आली आणि २०२३-२४ च्या हंगामात निर्यात बंदच राहिली. अमेरिका तरी काय करते ? कोट्यानेच साखर आत घेते. न्यूयॉर्कला वायदेच दोन चालतात : जगाच्या साखरेचा ११ नंबर, अमेरिकेच्या घरचा १६ नंबर. एका गावात दोन भाव !

यात आपले नुकसान झाले, हे आम्ही लपवत नाही. राज्याच्या २०१३ च्या कायद्यातील ७०:३० च्या हिशेबाने जादा भावाचा मोठा वाटा उसालाच मिळाला असता. पण मंडळी, १९८५ साल आठवा. जगाचा भाव तेव्हा पौंडाला तीन सेंटच्या खाली गेला, म्हणजे किलोला एक रुपयासुद्धा नाही. आपल्याकडे रेशनची साखरही त्याच्या कितीतरी पट महाग होती. त्या साली दार सताड उघडे असते तर ऊस फडातच पेटवावा लागला असता, असे आमचे मत आहे. तक्रार करायची तर दाराबद्दल नको, ते कधी लावायचे हे ठरवताना उत्पादकाला कोणी विचारत नाही, याबद्दल करावी.

तोवर उताऱ्याकडे बघू. २०२३-२४ ला १०.२५ टक्के उताऱ्याला एफआरपी क्विंटलला ३१५ रुपये होती, आणि वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ७ पैसे जादा. म्हणून कोवळ्या उसाच्या तोडीचा आग्रह धरू नका, आणि लागणीची तारीख गट कार्यालयात वेळेवर नोंदवा.

— ऊस विकास अधिकारी