तड्याचे गणित

वैशाखाचे ऊन तापू लागले म्हणजे हिंगोलीकडील काळ्या रानास हात हात खोल भेगा पडतात. माती वाळताना आक्रसते, व ती ओढ सोसेनाशी झाली म्हणजे फाटते. मृगाच्या चार सरी पडल्या की तीच भेग बुजून जाते; म्हणून शेतकरी तिचे फारसे मनावर घेत नाही. परंतु भिंतीस, पुलास किंवा धरणास गेलेला तडा पावसाने बुजत नसतो. 2024 सालच्या मार्च महिन्याच्या 21 तारखेस सकाळी आमच्या जिल्ह्यात 4.5 प्रतीचा भूकंप झाला, तेव्हा घराच्या भिंती न्याहाळून पाहणाऱ्या प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न आला असेल : हा तडा एवढाच राहील, की पुढे जाईल? या प्रश्नाचे उत्तर गणिताने देता येते काय, व दिले तर त्यावर विश्वास कितपत ठेवावा, हे या लेखात पाहावयाचे आहे.

कापडाच्या दुकानात दुकानदार काय करतो ते आठवावे. नवे कापड दोन्ही हातांनी ओढून फाटत नाही. पण काठास कात्रीने बोटभर चीर दिली की तेच कापड सरकन फाटत जाते. ओढणारा हात तोच, कापडही तेच. मग फरक कोणता? कापडातून वाहणारा ताण चिरेपाशी आला म्हणजे त्यास वाट उरत नाही. तो चिरेच्या टोकास वळसा घालून जातो, व त्या एवढ्याशा जागी त्याची गर्दी होते. इंग्लिस नावाच्या इंग्रज इंजिनिअराने 1913 साली या गर्दीचा हिशेब मांडला. ओढलेल्या पत्र्यात वाटोळे भोक असेल तर त्याच्या कडेस ताण तिप्पट होतो. परंतु तेच भोक लांबट, म्हणजे ओढीच्या आडव्या दिशेने रुंदीच्या दहापट लांब असेल, तर टोकाशी ताण एकवीसपट होतो! कारखान्यातील जुने कारागीर पत्र्यास तडा गेला म्हणजे त्याच्या टोकाशी एक वाटोळे छिद्र पाडून ठेवतात, त्यातील मर्म हेच. टोक बोथट केले की गर्दी मोडते.

येथे एक अडचण उभी राहते. खऱ्या तड्याचे टोक इतके तीक्ष्ण असते की इंग्लिसच्या सूत्राने तेथील ताण अमर्याद निघतो, आणि मग जगातील प्रत्येक तडकलेली वस्तू बोट लावताच फुटली पाहिजे. तसे तर होत नाही. ग्रिफिथ नामक इंजिनिअराने काचेवर प्रयोग करून 1921 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात या कोड्याची उकल केली. तो म्हणाला की, ताण किती हे विचारू नका. खर्च किती व जमा किती हे विचारा. तडा पुढे सरकतो तेव्हा दोन नवे पृष्ठभाग उघडतात, व त्यांस ऊर्जा लागते, हा खर्च. तडा वाढल्याने वस्तूत दाबून ठेवलेली ऊर्जा मोकळी होते, ही जमा. जमा खर्चास पुरली तर तडा धावतो, न पुरली तर थांबतो. वाणी लोकांच्या खतावणीसारखा हा सरळ विचार आम्हांस तरी फार सुंदर वाटतो.

आता हा विचार खऱ्या धरणास लावून पाहू. 1967 सालच्या डिसेंबरच्या 11 तारखेस पहाटे सातारा जिल्ह्यात कोयनानगर येथे मोठा भूकंप झाला. दीडशेहून अधिक माणसे दगावली. नदीवरील काँक्रीटचे धरण 103 मीटर उंच असून त्यामागे पाणी भरलेले होते. धरण उभे राहिले, परंतु त्याच्या उंच भागांस पुढून व मागून आडवे तडे गेले, व काही ठिकाणी मागील अंगास पाणी झिरपताना दिसले. हे तडे कोठे गेले? बहुतेक एकाच पातळीच्या आसपास. धरणाचा मागील उतार पायापासून सुमारे 66 मीटर उंचीवर एकदम बदलतो. रुंद अंगावर बारीक मान बसवावी तशी ती जागा आहे. तड्यांनी नेमकी ती मान धरली होती.

धरण बांधताना भूकंपाचा विचार केला नव्हता असे मात्र नाही. त्या काळच्या रीतीप्रमाणे धरणाच्या वजनाच्या शंभरांश 5 इतका जोर आडवा लागेल असे धरून हिशेब केला होता. परंतु ती रीत धरणास एखाद्या निर्जीव ठोकळ्याप्रमाणे मानते. खरे धरण भूकंपात वेताच्या छडीसारखे झुलते, आणि माथा सर्वांत अधिक झुलतो. 1973 साली अमेरिकेतील बर्कली येथील चोप्रा व चक्रवर्ती या दोघांनी संगणकावर धरणाचा छेद लहान लहान तुकड्यांत विभागून, प्रत्येक तुकड्याचा हिशेब क्षणाक्षणास केला. तेव्हा त्या मानेपाशी ताण काँक्रीटच्या शक्तीपेक्षा पुष्कळच अधिक निघाला. तडे गेले ते उगीच नव्हते.

पण तडा कोठे जाईल हे कळणे निराळे, आणि गेल्यावर तो कसा वाढेल हे कळणे निराळे. दुसऱ्या प्रश्नाने विद्वानांस पुष्कळ वर्षे दमविले. संगणक प्रत्येक तुकड्यातील सरासरी ताण पाहतो, व तो शक्तीबाहेर गेला की तुकडा तडकला असे समजतो. आता आपल्या वर्गाचे उदाहरण घ्या. पहिल्या आलेल्या मुलासह चाळीस मुलांच्या गुणांची सरासरी काढली तर ती बेताची निघेल. त्यालाच धरून वरच्या चौघांची काढली तर फार मोठी निघेल. तड्याचे टोक म्हणजे तो पहिला मुलगा. तुकडे जितके लहान घ्यावे तितकी टोकाजवळची सरासरी वाढते, आणि तडा तितका लवकर धावतो. म्हणजे धरण पडेल की राहील, हे धरणावर नव्हे तर हिशेबनिसाने तुकडे केवढे पाडले यावर ठरू लागले! अशा उत्तरावर धरणाखालील गावे कोणी सोपवावीत?

यातून वाट निघाली ती ग्रिफिथच्याच खतावणीने. स्वीडनमध्ये लुंड येथे हिलरबॉर्ग व त्यांचे सहकारी यांनी 1976 साली असे सुचविले की, काँक्रीट एकदम फाटत नाही. तड्याच्या तोंडाशी दोन्ही बाजू काही काळ एकमेकींस धरून ठेवतात व हळूहळू हात सोडतात. हा हात सोडविण्यास लागणारी ऊर्जा प्रयोगशाळेत मोजावी व संगणकास सांगावी. मग तुकडा लहान असो वा मोठा, 1 चौरस मीटर तड्याचा खर्च तेवढाच राहील. साधारण काँक्रीटमध्ये हा खर्च 100 जूलच्या आसपास असतो. वसमतच्या बाजारातील हळदीचे 10 किलोचे गाठोडे 1 मीटर वर उचलावयास जेवढे श्रम पडतात तेवढाच! एवढी मोठी भिंत, आणि तिचा तडा उघडण्यास इतकी थोडी किंमत पडते, हे वाचून पालकांसही नवल वाटेल.

या सर्व गणितांची परीक्षा घ्यावयाची तर प्रश्न व उत्तर दोन्ही आधी ठाऊक असलेले उदाहरण हवे. ते कोयनेने दिले. धरणाच्याच आतील मार्गिकेत बसविलेल्या यंत्राने त्या पहाटेचे धक्के नोंदून ठेविले होते, हा प्रश्न; आणि भिंतीवरील तडे हे उत्तर. म्हणून आज जगात कोणी काँक्रीटच्या तड्याची नवी रीत काढली म्हणजे ती पुष्कळदा प्रथम कोयनेवर चालवून पाहतात. चांगल्या रीतींत तडा मागील अंगाच्या त्या कोनापाशी उगवून आत, थोडा खाली वळत जातो. वरचा भाग आपल्या भाराने दबून राहतो, व झुलताना तडा उघडतो आणि मिटतो. धरण का तडकले हे जसे यावरून कळते, तसेच ते का पडले नाही हेही कळते. प्रत्यक्षात मागील अंगास काँक्रीटचे टेकू देऊन त्या भिंती पुढे बळकट करण्यात आल्या.

आमच्या पूर्णेवरील सिद्धेश्वर धरण पाहून आलेले विद्यार्थी विचारतील की, हेच गणित तेथे लावावे काय? जसेच्या तसे लावू नये. मातीचा भराव काँक्रीटप्रमाणे तडकत नाही. त्यात पाण्याने भिजणे व आतून माती वाहून जाणे यांचा हिशेब अधिक महत्त्वाचा ठरतो. प्रत्येक पदार्थाचा खर्च निराळा मोजावा लागतो.

ज्यांस हे हाताने करून पाहावयाचे असेल त्यांनी वहीच्या कागदाच्या चार सारख्या पट्ट्या कापाव्या. एक तशीच ठेवावी. दुसरीच्या मधोमध 1 सेंटिमीटर व्यासाचे वाटोळे भोक पाडावे. तिसरीस पात्याने तेवढ्याच लांबीची आडवी चीर द्यावी. चौथीस तशीच चीर देऊन तिच्या दोन्ही टोकांशी दाभणाने बारीक छिद्रे पाडावी. प्रत्येकीस खाली डबा टांगून त्यात पट्टी फाटेपर्यंत थोडी थोडी वाळू घालावी व वाळूचे वजन करावे. एकेक प्रयोग निदान पाच वेळा करावा, कारण कागदही दर वेळी सारखा वागत नाही.