वाण सगळ्यांना, मान कोणाला?



संक्रांत झाली. आता रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू चालेल. म्हणून आजच्या चिंतनासाठी मुद्दाम श्रीमद्भागवताच्या तिसऱ्या स्कंधातला 29वा अध्याय घेतला आहे.

प्रसंग असा आहे. कर्दम ऋषी संन्यास घेऊन निघून गेले आहेत. देवहूती मागे राहिली आहे आणि तिचा मुलगा कपिल, जो स्वतः भगवंताचा अवतार आहे, तिला भक्ती समजावून सांगतोय. नवरा सोबत नसलेल्या बाईला देव समोर बसवून शिकवतो, हे आधी लक्षात घेऊया.

कपिल मुनी सांगतात ते थोडक्यात असं: मी प्रत्येक जिवाच्या हृदयात आहे. त्या जिवांना डावलून जो नुसती मूर्तीची पूजा करतो, त्याची पूजा म्हणजे राखेत टाकलेली आहुती. विचार करा, तूप तेच, मंत्र तेच, पण खाली अग्नीच नाही! मग पोचणार कुठे?

पुढे ते उपायही देतात. सर्वांच्या ठायी असलेल्या मला चार गोष्टींनी पूजा: दान, मान, मैत्री आणि समदृष्टी.

आता हे चार शब्द हळदीकुंकवाला लावून बघूया. दान आपल्याला छान जमतं. वाण काय लुटायचं, यावर महिनाभर आधी चर्चा होते. अडतं ते मानापाशी. माझी मावशी तिळाच्या वड्या अप्रतिम करते. पाक कधी उतरवायचा हे तिला नुसतं बघून कळतं. काका गेले, आणि त्या वर्षीच्या हळदीकुंकवाला वड्या बाहेर होत्या, मावशी स्वयंपाकघरात. तिला कोणी "येऊ नकोस" म्हटलं नव्हतं. पण "ये" असंही कोणी म्हटलं नव्हतं. तिळगूळ देऊन गोड बोला म्हणायचं आणि तो करणारीलाच आत ठेवायचं, ही राखेतली आहुती नाही तर काय?

"पण ही परंपरा आहे ना?" असं कोणी विचारेल. कोल्हापूर जिल्ह्यातलं शिरोळ तालुक्यातलं हेरवाड गाव आठवा. 4 मे 2022 रोजी तिथल्या ग्रामसभेने ठराव केला, की पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं या प्रथा गावात बंद. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं ते वर्ष. त्याच महिन्यात राज्य सरकारनेही परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. एका गावाला जे जमलं, ते आपल्या सोसायटीतल्या एका हॉलमध्ये का नाही जमणार?

सुरुवात व्हॉट्सॲपच्या आमंत्रणापासून करूया. "सर्व सुवासिनींना" ऐवजी "सर्व मैत्रिणींना" लिहा. एवढ्याने भागणार नाही, कारण वर्षानुवर्षं बाजूला राहिलेली बाई मेसेज वाचून येत नाही. तिच्या दारात जाऊन बोलवा. घटस्फोटित मैत्रीण, लग्न न केलेली ताई, आपल्याकडे कामाला येणाऱ्या मावशी, सगळ्यांना. आल्यावर बसायला एकाच रांगेत जागा, वाण एकच.

एक काळजी मात्र घ्या. कुंकवाचं बोट थेट कपाळाकडे नेऊ नका. करंडा पुढे करा आणि "लावू ना?" असं विचारा. काहींना आवडेल, काहींना नको असेल, काहींचे डोळे भरून येतील. तिची इच्छा जपणं हाही मानच आहे. तिला सगळ्यांसमोर उभं करून आपल्या मोठेपणाचे फोटो काढणं, हा मान नव्हे.

आणि घरातली आजी नाराज झाली तर? तिच्याशी वाद घालू नका. तिच्याही हृदयात तोच बसलाय. शेजारी बसून तिला देवहूतीची गोष्ट सांगा.

आजचा संकल्प: रथसप्तमीच्या आत अशा एकीच्या दारात जायचं, जिला यंदा कोणीच बोलावलेलं नाही.

राम कृष्ण हरी!