कळलावी : फुलाने देखणी, कंदाने जहरी

मृगाचा पाऊस पडला की बांधावर, कुंपणात व जंगलाच्या कडेला एक नाजूक वेल वर येते. तिच्या पानांची टोके तणाव्यासारखी वळलेली असतात व त्यांच्या आधाराने ती झुडपावर चढते. पावसाळ्यात तिला सहा नागमोडी पाकळ्यांची फुले येतात. ती आधी हिरवट, मग पिवळी आणि शेवटी लालभडक होतात. हीच कळलावी. तिला अग्निशिखा असेही म्हणतात. कंदाचा आकार नांगरासारखा, म्हणून संस्कृतात तिचे नाव लांगली.

विष कशात आहे?
वेलीच्या सर्व भागांत कोल्चिसीन हे विषारी द्रव्य असते. कंद व बिया विशेष घातक. कंद रताळे किंवा कणगर समजून खाल्ल्याने माणसे दगावली आहेत. शिजवल्याने विष जाईल या भरवशावर राहू नये.

औषधी उपयोग
कोल्चिसीनपासून गाऊट या सांधेदुखीच्या विकारावर औषध बनते. १९३७ पासून पीक पैदाशीत गुणसूत्रे दुप्पट करण्यासाठीही ते वापरले जाते. बिनबियांच्या कलिंगडाचे मातृवाण असेच तयार होतात. आयुर्वेदात कळलावी उपविषांत मोडते व शोधनानंतरच वापरली जाते. बाळंतपणाच्या कळा याव्यात म्हणून कंद वापरण्याची जुनी समजूत आहे. हा प्रयोग घरी कदापि करू नये.

लागवड
तामिळनाडूत बियांसाठी या वेलीची शेती होते. मात्र खरेदीदार निश्चित झाल्याशिवाय मोठे क्षेत्र गुंतवू नये. बागेत लावायची झाल्यास पाण्याचा उत्तम निचरा होणारी जमीन निवडावी. पावसाच्या सुरुवातीस कंद आडवा ठेवून ५ ते ७ सें.मी. खोल लावावा. टोकाचा डोळा मोडू देऊ नये, कारण अंकुर तेथूनच फुटतो. वेलीला जाळीचा किंवा काटक्यांचा आधार द्यावा. फुले उमलल्यावर परागकण हाताने किंजल्काला लावल्यास शेंगा चांगल्या धरतात. वेल वाळली की पाणी बंद करावे.

काळजी
लहान मुले व गुरे फिरतात तेथे ही वेल लावू नये. कंद खाण्याच्या कंदांबरोबर साठवू नयेत. डब्यावर ‘विष’ असे ठळक लिहून तो कुलपात ठेवावा. हाताळताना हातमोजे घालावेत, नंतर हात साबणाने धुवावेत.

विषबाधा झाल्यास
काही तासांत घशात जळजळ, उलट्या व जुलाब सुरू होतात. घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णास ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्यावे व कंदाचा तुकडा डॉक्टरांना दाखवावा. उलट्या थांबल्या म्हणजे धोका टळला असे समजू नये. खरा बिघाड दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही होतो.

कळलावी जरूर जोपासा, पण घरातील प्रत्येकाला ती ओळखता आली पाहिजे.