रिफ्लो ओव्हन: पेटीची किंमत आणि खरा खर्च

हॉट एअर गन धरून मनगट भरून आलं की छोट्या वर्कशॉपवाल्याची नजर टी-९६२ या चिनी, ड्रॉवरवाल्या रिफ्लो ओव्हनकडे, म्हणजे बोर्डावरची सोल्डर पेस्ट वितळवून भाग जोडणाऱ्या पेटीकडे, वळते. किंमत साधारण २० ते ३० हजार रुपये. ट्रे १८० बाय २३५ मिलिमीटरचा, हीटर ८०० वॉटचा. एका फेरीला आठ मिनिटं धरली तर वीज जेमतेम ०.१ युनिट, म्हणजे बिलाची काळजी नको. पैसे जातात ते दुसरीकडेच.

पेटी आली की प्लग लावण्याआधी ती उघडा. आत साधी मास्किंग टेप दिसली तर ती सोलून काढा, नाहीतर तापल्यावर धुरकट वास येत राहतो. तिच्या जागी कॅप्टॉन टेप लावा, खर्च दोनेकशे रुपये. मग मल्टिमीटरचं एक टोक प्लगच्या अर्थ पिनला आणि दुसरं पत्र्याला लावा. बीप नाही आला तर अर्थिंगच्या स्क्रूखालचा रंग खरवडा.

आता सगळ्यात मोलाची खरेदी: वेगळा के-टाइप थर्मोकपल. काही शे रुपयांत मिळतो, तापमान दाखवणारं मीटर मात्र वेगळं घ्यावं लागतं. तो बोर्डालाच चिकटवा, कारण ओव्हनचा आकडा बोर्डाचा नसतो. माझ्या पहिल्या लॉटमध्ये डिस्प्लेवर २४५ होतं, तरी दाराजवळच्या बोर्डांवर पेस्ट राखाडी, रवाळ राहिली आणि मागच्या भिंतीलगतचे बोर्ड तपकिरी पडले. तेव्हापासून मी ट्रेचा मधलाच भाग वापरतो. चार-पाच भंगार बोर्ड चाचणीसाठी जातील, तेही हिशेबात धरा.

शिसं नसलेली एसएसी३०५ पेस्ट २१७ अंशांना वितळू लागते. बोर्ड २३५ ते २४५ पर्यंत न्यायचा आणि २१७ च्या वर ४५ ते ९० सेकंद ठेवायचा. ६३/३७ ची शिशाची पेस्ट १८३ लाच वितळते. शिकायला तीच सोपी, पण माल युरोपात जाणार असेल तर चालत नाही.

चिप रेझिस्टर एका टोकावर उभा राहिला तर बहुतेकदा दोन पॅड एकाच वेळी वितळलेले नसतात. तापवण्याचा वेग सेकंदाला एक-दोन अंशांवर आणा. सोल्डरच्या बारीक गोळ्या उडाल्या तर आधी पेस्टवर संशय घ्या. फ्रिजमधली थंड डबी जुलैच्या हवेत लगेच उघडली की आत दव धरतं. झाकण न उघडता तिला चार तास बाहेर बसू द्या. पेस्टसाठी फ्रिजही वेगळा हवा, जेवणाच्या डब्याशेजारी ती नको.

स्वस्तातला मार्ग म्हणजे ओटीजी, तापमानाचा कंट्रोलर आणि हीटसिंकसह सॉलिड स्टेट रिले. सगळं मिळून आठ-दहा हजारांत बसतं. वायरिंग मात्र जाणकाराकडून करून घ्या. हीटर कमजोर असला तर १५० वरून २१७ ला पोचेपर्यंत पेस्टमधला फ्लक्स संपतो आणि सांधे मळकट येतात. आणि त्या ओटीजीत पुन्हा नानखटाई भाजायची नाही, घरच्यांनी कितीही म्हटलं तरी.

महिन्याला वीसच बोर्ड भरत असाल तर जॉबवर्कवाल्याचा दर आधी विचारा. तो पॉइंटमागे, म्हणजे सोल्डरच्या सांध्यामागे असतो, सेटअपचे पैसे वेगळे. पेस्ट लावायचा स्टेन्सिल कोणी द्यायचा, हेही त्याच फोनवर ठरवून घ्या.