झटपट बदलाचा चक घ्यावा का?

प्रश्न : माझा अर्धा इंची राउटर टेबलाखाली बसवला आहे. दोन पान्यांनी बिट बदलताना बोटं सोलतात. ॲलन कीने आवळायचा चक घेऊ का?

उत्तर : टेबलासाठी जरूर घ्या, पण तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेला. असा चक कोलेट व नट काढून थेट स्पिंडलवर बसतो; प्रत्येक कंपनीचे आटे आणि आतला उतार वेगळा असतो. ‘बसेल कसाबसा’ असं दुकानदार म्हणाला तर परत फिरा. मिनिटाला वीस हजार फेऱ्यांवर किंचित डगमगही धोक्याची असते. बसवल्यावर प्लग काढून, चकात सरळ पिन धरून डायल गेजने डगमग मोजा. ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त भरली तर चक परत करा.

चकामुळे बिट थोडा वर येतो. टेबलाखाली तो फायदाच; हातात धरून काम करताना मात्र मूळ कोलेटच बरा. पाव इंची शँकसाठी जोडस्लीव्ह वापरा. ६ मिलिमीटरचा शँक त्यात कधीही घालू नका, पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. बिट तळाला टेकवून दोन-तीन मिलिमीटर वर उचला, मगच आवळा.

आणि बिट बदलताना प्लग काढलेलाच हवा, चक कितीही झटपट असला तरी.