तरसांचा संसार

तरस म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे भेसूर, भित्रे आणि उष्ट्यावर जगणारे जनावर उभे राहते. संस्कृतात त्यास ‘तरक्षु’ म्हणत. आपले गुजराती शेजारी ‘झरख’ म्हणतात. नावे निरनिराळी, तिटकारा मात्र सर्वत्र सारखाच! आफ्रिकेतील तरसांची चलच्चित्रे पाहिलेली मुले वर्गात हटकून विचारतात, “तरसे टोळीने राहतात ना? ती हसतात ना?” त्यावर आधी उलट विचारावे लागते, “कोणती तरसे?”

दिसावयास कुत्र्यासारखा, परंतु कुळाने मांजर-मुंगुसांच्या जवळचा असा हा प्राणी आहे. त्याच्या चार जाती आहेत. टोळी करून राहणारे व ‘हसणारे’ ते आफ्रिकेतील ठिपकेवाले तरस. हान्स क्रूक या शास्त्रज्ञाने 1964 पासून काही वर्षे सेरेंगेटी व न्गोरोंगोरो येथे रात्री जागून त्यांचा अभ्यास केला. तेव्हा दिसून आले की, ती आपले बरेचसे अन्न स्वतः शिकार करून मिळवतात. इतकेच नव्हे, तर त्यांनी मारलेले सावज पुष्कळदा सिंहच बळकावतो! उष्टे कोण खातो, हा प्रश्न तेव्हापासून उलटा झाला.

या टोळीचे राज्य माद्यांच्या हाती असते. मुलीला आईच्या खालोखाल मान मिळतो, आणि नवल असे की धाकटी बहीण थोरलीच्या वर चढते. नर वयात आला की जन्माची टोळी सोडून परक्या टोळीत जातो व तेथे सर्वांच्या शेवटी उभा राहतो. आधी आलेल्याचा मान आधी. ज्याला आपण हास्य म्हणतो, ते बहुधा दबलेल्या वा घाबरलेल्या जनावराचे ओरडणे असते. टोळीत पन्नास-साठ जनावरे असली तरी ती सदैव एकत्र नसतात. एरवी दोघे-तिघे हिंडतात. मोठी शिकार पडली किंवा शेजारच्या टोळीशी हद्दीवरून भांडण जुंपले की सारी धावून येतात.

आता आपल्याकडील तरसाकडे वळू. ते पट्टेरी; मानेपासून शेपटीपर्यंत आयाळ असलेले. भय वाटताच ती आयाळ फुलवून ते आहे त्याहून मोठे दिसू लागते. सुरतेहून खंभातचे आखात ओलांडले की भावनगर जिल्ह्यात वेळावदरचे राष्ट्रीय उद्यान लागते. तेथील गवताळ रानात काळविटांबरोबर पट्टेरी तरसेही आहेत. पुणे जिल्ह्यातील माळरानांवरही आहेत. हे जनावर अबोल. रात्री एकटेच निघते, गवताच्या काडीला आपल्या ग्रंथीचा स्राव लावून निरोप ठेवते, आणि मेलेल्या गुराची हाडे फोडून खाते. गिधाडे कमी झालेल्या या काळात रानाची सफाई करणाऱ्यांत ते मोलाचे आहे, असे माझे मत आहे.

परंतु एकटे हिंडणाऱ्यास संसार नसतो असे मात्र नव्हे. केनियात एक मादी व तिच्या सोबतीस दोन-तीन नर असे पट्टेरी तरसांचे लहान गट एका मुलखात राहताना आढळले आहेत. आणखी एक भेद पाहण्यासारखा आहे. ठिपकेवाली आई पिलांना वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ दूध पाजते, पण बिळाशी अन्न क्वचितच आणते. पट्टेरी तरस मात्र दुरून अन्न वाहून आणते, म्हणूनच त्याच्या बिळाच्या तोंडाशी हाडांचा ढीग साचतो. तो ढीग पाहून लोक घाबरतात, बिळात धूर करतात किंवा त्याचे तोंड दगडांनी बुजवतात. आत पिले असतात, आणि ती कित्येक महिने बिळाच्या आश्रयानेच वाढतात.

इस्राएलच्या नेगेव वाळवंटात तर लांडग्यांच्या कळपाबरोबर चालणारे पट्टेरी तरस पाहण्यात आले. ही हकीकत 2016 साली प्रसिद्ध झाली. वेळावदरच्या गवतात लांडगेही आहेत आणि तरसेही.